बघ्यांची बाजू

कबनुरात सुतार पक्षी दिसतो. ऐकू येईल याची मात्र हमी नाही. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, आणि तेव्हा सुरू झालेली खटखट शहराची वेस ओलांडून कोरोची, चंदूर, कबनूर अशी पसरत गेली, ती अजून थांबलेली नाही. थांबते ती वीज गेल्यावर. मग अख्खी गल्ली दचकून जागी होते, माणसं बाहेर येऊन एकमेकांना विचारतात आणि तान्ही पोरं शांततेला घाबरून रडायला लागतात. अशा गावात एखाद्या पक्ष्यानं वाळक्या फांदीवर चोच आपटून आपली हद्द जाहीर करायची, म्हणजे त्याच्या आशावादाला दाद दिली पाहिजे.

तरी वेगात पक्षीच पुढं आहे. साधा माग मिनिटाला शे-सव्वाशे पिकं (आडवे धागे) टाकतो, म्हणजे सेकंदाला दोन. सुतार पक्षी ढोल धरतो तेव्हा काही जातींत सेकंदाला वीसेक टोले पडतात. हा हिशेब मी आमच्या गल्लीतल्या जॉबरमामांना सांगितला. मामा शेडच्या पायरीवर बसतात आणि आतल्या कुठल्या मागाचा कुठला बोल्ट ढिला झालाय ते तिथूनच ऐकून सांगतात. ते काळजीत पडले.

"सेकंदाला वीस? मग धोटा उडत असंल की तेचा."

म्हटलं, मामा, तुमच्या या शंकेवर परदेशात बक्षीस मिळालंय. सुतार पक्ष्याचं डोकं का दुखत नाही, याचा विचार केल्याबद्दल इव्हान श्वाब आणि फिलिप मे यांना २००६ सालचं इग नोबेल देण्यात आलं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे बक्षीस देतात. तेव्हाचा समज असा होता, की या पक्ष्याच्या कवटीत धक्का शोषून घेणारी काहीतरी व्यवस्था असणार. मामांनी मान हलवली. "हातोडीला गादी लावल्यावर खिळा बसंल व्हय, सर?"

२०२२ साली बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाच्या संशोधकांनी टोचे मारणाऱ्या सुतार पक्ष्यांचं अतिवेगवान चित्रीकरण करून तपासलं आणि नेमकं हेच सांगितलं. कवटी धक्का शोषत नाही, ती सरळसरळ घट्ट हातोडी आहे. शोषत असती तर टोल्यातला जोरच वाया गेला असता. मेंदू इतका लहान असतो की तेवढ्या धक्क्यानं त्याचं काही बिघडत नाही. मामांनी या निष्कर्षासाठी पायरीवरून उठण्याचीही तसदी घेतली नव्हती. मेंदूचा भाग ऐकून त्यांनी गल्लीतल्या दोन-तीन माणसांची नावं घेतली, ती इथं देत नाही.

पक्षी बघायला एकट्यानं जावं, गप्प उभं राहावं, असं पक्षीनिरीक्षणाच्या सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. ती पुस्तकं लिहिणारं कुणी कबनूरला आलेलं नसावं. इथं माणसाला एकट्यानं वर बघता येत नाही. स्टॅन्ली मिलग्रम नावाच्या मानसशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कच्या भर रस्त्यात एक प्रयोग केला, तो १९६९ साली छापून आला. एका माणसाला समोरच्या इमारतीच्या सहाव्या मजल्याच्या खिडकीकडे टक लावून उभं केलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी किती थांबतात ते मोजलं. शंभरात चार थांबले. मग पंधरा माणसं उभी केली, तेव्हा कुठं शंभरात चाळीस. मला हे वाचून न्यूयॉर्कची दया आली. केवढं मोठं शहर, आणि शंभरातल्या साठांना थांबून वर बघायलाही सवड नाही!

आमच्याकडं शेडमागच्या माडाखाली मी दुर्बीण डोळ्याला लावतो न लावतो तोच एक सायकल थांबते.

"काय अडकलंय काय?"

मी उत्तर द्यायच्या आत दुसरा देतो. "पतंग असंल."

"पतंग न्हवं, मोहोळ हाय. धूर करा धूर."

"सरांचं पोरगं चढलंय काय?"

सरांचं पोरगं पुण्यात संगणकापुढं बसतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी शक्यता म्हणून तपासून घेतात. दुर्बीण माझ्या हातातून जाते, एक फेरी मारून परत येते, आणि तिच्याबद्दलचं गावाचं मत तेवढं माझ्यापर्यंत पोचतं: उलटी धरली तर लांबचं दिसतं, भारी आहे.

माडावर असते ती सोनपाठी सुताराची जोडी. पाठ पिवळीधमक, चेहऱ्यावर काळे-पांढरे पट्टे, डोक्यावर लाल तुरा. नराचा तुरा कपाळापासून लाल. मादीच्या कपाळावर काळ्या रंगात पांढरे ठिपके आणि लाल तुरा मागं. पायाची दोन बोटं पुढं, दोन मागं, आणि शेपटी ताठ, ती खोडाला टेकून बसतो. मुंग्या हे त्याचं मुख्य खाणं. त्याची जीभ इतकी लांब की तिचा मुळाकडचा भाग कवटीच्या मागून फिरून थेट डोक्यावर येतो. लोकांनी बघायला सुरुवात केली की तो खोडाच्या पलीकडं सरकतो. गर्दी उजवीकडून वळसा घालते, तो डावीकडून अलीकडं येतो. वटपौर्णिमा सोडून एरवी इतक्या माणसांनी, त्यातही पुरुषांनी, झाडाला प्रदक्षिणा घातल्याचं कबनूरनं पाहिलेलं नव्हतं.

कांड्या भरणाऱ्या आक्कांना पक्ष्याच्या रंगात रस नव्हता. त्यांनी मुद्द्याचं विचारलं. "अंड्यावर कोण बसतंय?"

दोघंही बसतात, मी सांगितलं. आणि बहुतेक सुतार पक्ष्यांमध्ये रात्रभर नर बसतो.

"रातपाळी बाप्पय करतोय?" आक्का थोडा वेळ गप्प राहिल्या. "करतोय की आमच्यातबी. पर सकाळी घोरत पडतोय, हेचं काय?" नर सकाळी मुंग्या आणायला जातो, हे सांगायचं मी टाळलं. एका पक्ष्यापायी कुणाच्या घरात खटका उडावा असं मला वाटत नव्हतं.

मग आण्णा आले. आण्णा हे आमच्या कट्ट्याचे ज्येष्ठ. त्यांना कुठलाही प्राणी दाखवला की ते पहिली चौकशी कुटुंबाची करतात.

"घर किती माणसांचं हाय?"

"दोघांचंच, आण्णा. पिल्लं उडाली की थोडे दिवस मागं फिरतात, मग आपापल्या वाटेनं."

"म्हणजे वेगळी निघाल्यात," आण्णा म्हणाले, आणि त्यांचा पक्ष्यातला रस संपला.

खरी अडचण इथंच आहे. सुतार पक्ष्यांच्या सामाजिक वागणुकीवर लिहावं तर आपल्याकडचे बहुतेक सुतार समाजात वागतच नाहीत. नवरा-बायको आणि एक भोक, एवढाच त्यांचा प्रपंच. आमच्याच जिल्ह्यात राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला तांबूस सुतार भेटतो, तो झाडावरच्या मुंग्यांच्या जित्याजागत्या घरट्यात पोकळी कोरून अंडी घालतो. म्हणजे भाडं देत नाही आणि वर घरमालकालाच खातो. माणूस म्हणून तो रंगतदार आहे, पण त्याचंही कुटुंब चौकोनीच. आणि सगळ्यांत जास्त निराशा केली ती पिवळ्या डोक्याच्या सुतारानं. त्याचं शास्त्रीय नावच 'महराटेन्सिस'. जॉन लेथम या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं १८०१ साली ते दिलं. मराठ्यांच्या मुलखातून आलेला म्हणून मराठा सुतार. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता, शिंदे-होळकर एकमेकांच्या जिवावर उठले होते, आणि त्या धामधुमीत हा पक्षी बायकोला घेऊन बाभळीवर मुंग्या टिपत होता. त्याला ना वाटणी, ना गादी. नाव मराठा आणि घरात भाऊबंदकी नाही, हे आण्णांना इतकं खटकलं की नाव देताना इंग्रजाची काहीतरी गल्लत झाली असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं.

भांडण म्हणून आमच्या माडावर जे काही होतं ते परक्यांशी. सोनपाठी भोक कोरून तयार करतो आणि साळुंख्या ताबा सांगायला येतात. कधी पोपट येतात. ज्यांना स्वतःला कोरता येत नाही त्यांचा तयार घरावर डोळा असणारच. साळुंखीचा आवाज मोठा, तिच्यापुढं सोनपाठीची किरकिर चालत नाही. अशा वेळी मात्र मी एक गोष्ट टिपली. भांडणारे चार असले तरी आजूबाजूच्या तारांवर आणि फांद्यांवर बघणारे कितीतरी असतात. कावळे, इतर साळुंख्या, एखादा कोतवाल. त्यातलं कुणी मध्ये पडत नाही, कुणी उठूनही जात नाही. आणि माडाच्या खाली, कमरेवर हात ठेवून, आम्ही.

बघे या जमातीविषयी आपल्याकडं चांगलं कुणी लिहिलेलं नाही. अपघात झाला, की वर्तमानपत्रात 'बघ्यांची गर्दी' येते, आणि ती नेहमी वाहतुकीला अडथळाच करत असते. शाळेत आम्हीही मुलांना सांगत आलो: भांडण दिसलं तर सोडवा, नाहीतर चालू लागा. उभं राहून बघणं हा तिसरा मार्ग आम्ही कधी अभ्यासक्रमात घेतलाच नाही. त्यामुळं साहस बर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सप्टेंबर २०२० मधला 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकातला निबंध वाचला तेव्हा मला अख्ख्या कबनूरच्या वतीनं बरं वाटलं. तो निबंध सुतार पक्ष्यांच्या लढायांवर आहे आणि त्यातला अर्धा मान बघ्यांचा आहे.

कॅलिफोर्नियात कार्मेल व्हॅलीच्या वरच्या अंगाला बर्कली विद्यापीठाचं हेस्टिंग्ज नावाचं राखीव रान आहे. तिथल्या एकॉर्न वुडपेकर जातीच्या सुतारांचा अभ्यास १९६८ पासून चालू आहे. वॉल्टर कोएनिग यांच्यासारख्या माणसांनी त्यात आयुष्य घातलं. पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घालायची आणि कोण कुणाचा लेक, कोण कुणाची बहीण, कोण कुठल्या घरात गेली, याची पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवायची. कट्ट्यावर मी हे सांगायला लागलो तेव्हा आण्णांनी लगेच ओळखलं. "म्हणजे हेळवी गा. वंशावळ सांगत्यात ती."

"हेळवीच. पण बैलावरून न येणारे."

या पक्ष्यांची इस्टेट म्हणजे एक झाड. ओकची फळं पिकली की ती आणून वाळक्या खोडात कोरलेल्या भोकांत ठोकून बसवायची. एका भोकात एक फळ. एखाद्या जुन्या झाडावर अशी हजारो भोकं असतात. मोठ्यांत मोठ्या कोठारात पन्नास हजारांपर्यंत. ती एका पिढीनं कोरलेली नसतात. आजोबांनी कोरलेलं नातू वापरतात आणि वर आपली भर घालतात. फळ वाळलं की आकसतं आणि भोकात ढिलं होतं, मग खारी आणि दुसरे पक्षी ते सहज काढून नेतात. म्हणून ढिलं झालेलं फळ काढून लहान भोकात बसवायचं. हे काम वर्षभर. ("कांड्याच भरायच्या की," आक्का म्हणाल्या.) झाड नसलं तर तारेचा खांब, खांब नसला तर लाकडी घर. २०२३ साली सांता रोझा गावात एका घराच्या भिंती उघडल्या तेव्हा आतून तीनशे किलोंच्या वर फळं निघाली. पक्षी बाहेरून भोकात टाकत राहिले, फळं आत पडत राहिली, आणि कोठार भरत कसं नाही म्हणून ते टाकतच राहिले. सोसायटीच्या व्यवहारात असं होतं, एवढंच आण्णा बोलले.

आता घरातली माणसं. एकाच कोठारावर सख्खे भाऊ, कधी बाप-लेक, मिळून सातापर्यंत नर नांदतात. त्यांच्यासोबत दुसऱ्या कोठारावरून आलेल्या सख्ख्या बहिणी, तीनपर्यंत, क्वचित चार. शिवाय मागल्या सालांतली मोठी झालेली पोरं, धाकट्यांना भरवायला थांबलेली. संसार सगळ्यांचा मिळून एकच. इथं आण्णा मोठ्यांदा खाकरले, कारण आक्का ऐकत होत्या. आक्कांनी पांडवांचं उदाहरण देऊन विषय पुढं ढकलला.

आमच्याकडं दोन बहिणी एकाच घरात दिल्या की आईबापांना हायसं वाटतं. सख्ख्या बहिणी, सख्ख्या जावा. एकमेकींना धरून राहतील. हेस्टिंग्जमध्येही बहिणी एकाच भोकात अंडी घालतात. पण जिनं आधी घातलं तिचं अंडं दुसरी उचलून बाहेर नेते. ते झाडाच्या खोबणीत ठेवून फोडतात आणि घरातली मंडळी खातात, घालणारीसुद्धा. दोघींची अंडी पडायला लागली की कुठलं कुणाचं ते कळत नाही, आणि तिथून पुढं सगळं गुण्यागोविंदानं चालतं. रोनाल्ड मम, कोएनिग आणि फ्रँक पिटेल्का यांनी १९८३ साली हे 'नेचर'मध्ये छापलं तेव्हा वैज्ञानिकांना धक्का बसला म्हणतात. आक्कांना बसला नाही. "तरी अंड्यावरच भागलं," त्या म्हणाल्या.

बर्वे आणि मंडळींनी पुढं, २०२१ साली, चाळीस वर्षांच्या नोंदी चाळून आणखी एक गोष्ट दाखवली. जे नर भावाभावांत वाटून संसार करतात त्यांना आयुष्यभरात एकट्या नरापेक्षा जास्त पिल्लं होतात. आण्णांनी हे वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं, आणि जरा मोठ्यानं, कारण त्यांचे दोन्ही मुलगे समोरच्या शेडमध्ये होते. बायकांच्या बाबतीत तसा फायदा दिसला नाही, हे पुढचं वाक्य मी म्हटलं तेव्हा नेमके माग जोरात होते.

आता लढाई. एखाद्या चांगल्या कोठारावरचे सगळे कर्ते नर मेले, किंवा सगळ्या कर्त्या माद्या मेल्या, की जागा रिकामी होते. घरातल्या पोरांना ती मिळत नाही, कारण समोर उरते ती आई, नाहीतर बाप. जवळच्या नात्यात हे पक्षी संसार करत नाहीत. म्हणजे वारस घरात बसलेला आणि गादी बाहेरच्याला. बातमी फुटायला वेळ लागत नाही. आसपासच्या कोठारांवरून भावांच्या नाहीतर बहिणींच्या तीन-चार जणांच्या टोळ्या येतात; अशा डझनभर टोळ्या एका झाडावर तुटून पडतात. डोळे फुटतात, पंख मोडतात, पिसं रक्तानं माखतात. दिवसाला दहा-दहा तास, असं चार-चार दिवस चालतं. शेवटी एक टोळी उरते आणि कोठार तिचं.

पूर्वी हे डोळ्यांनी बघून लिहावं लागे, आणि चाळीस-पन्नास पक्ष्यांच्या धुमश्चक्रीत कोण कुणाला मारतो ते कळणं अशक्य. बर्व्यांच्या गटानं पक्ष्यांच्या पाठीवर सूर्यप्रकाशावर चालणारी चिमुकली रेडिओयंत्रं बसवली. कोण कुठं, किती वेळ, हे मिनिटामिनिटाला कळायला लागलं. तेव्हा लढणाऱ्यांच्या नोंदींबरोबर दुसऱ्याच नोंदी हाती आल्या. तीन-तीन किलोमीटरवरून पक्षी येत होते, तासभर थांबत होते आणि न लढता घरी जात होते. त्यांतल्या कित्येकांचं घरी स्वतःचं उत्तम कोठार होतं. ते राखायचं सोडून, फळं चोरीला जायचा धोका पत्करून, दुसऱ्याच्या घरातलं भांडण बघायला!

संशोधकांचं म्हणणं असं, की एवढी किंमत मोजून येतात त्याअर्थी त्यांना काहीतरी मिळत असणार. आणि मिळते ती माहिती. कुठल्या घरातले भाऊ किती, कोण जोरात आहे, कोण म्हातारा झाला, उद्या कुठली जागा रिकामी होईल. दोन वर्षं आधीच, २०१८ साली, मायकेल पार्डो आणि सहकाऱ्यांनी या पक्ष्यांना ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून पाहिले होते: कधी एकाच परक्या घरातल्या दोघांचे एकत्र, कधी दोन वेगवेगळ्या घरांतल्या दोघांचे एकत्र. पक्ष्यांची प्रतिक्रिया वेगवेगळी आली. म्हणजे आपल्या घराशी काडीचा संबंध नसलेले दोघं एकमेकांत उठबस करतात की नाही, हे त्यांना माहीत असतं. 'हा त्यांच्यातला, तो ह्यांच्यातला. मग हे दोघं एकत्र कसे?' कबनूरच्या कट्ट्यावरचं निम्मं संभाषण या एका प्रश्नावर चालतं आणि आजवर त्याला लोक चांभारचौकशी म्हणत आले.

मी हे सांगितलं तेव्हा कट्ट्यावर ज्या चेहऱ्यानं लोक ऐकत होते, तसा मान माझ्या वर्गात मला कधी मिळाला नव्हता. आण्णांनी तर तिथंच दाखले द्यायला घेतले. दोन भाऊ शेडच्या वाटणीवरून रस्त्यात एकमेकांची गचांडी धरतात. घाईचा माणूस मोटारसायकल वळवून निघून जातो, त्याला काय कळतं? काही नाही. थांबणाऱ्याला कळतं की थोरल्याचा मेव्हणा आला, धाकट्याचा आला नाही; म्हणजे धाकट्याचं सासरशी बिनसलंय. बापानं कुणाचं मनगट धरलं ते दिसतं. म्हणजे शेवटी शेड कुणाकडं राहणार ते कळतं. थोरल्याची बायको दारातूनच बोलते आणि नेमकं बोलते. म्हणजे हिशेब तिच्याकडं आहे. पुढं सूत उधार द्यायचं तर कुणाला द्यायचं, माग विकायला निघाले तर आधी कुणाच्या दारात जायचं, त्या घरात मुलगी द्यायची का, या सगळ्याची उत्तरं त्या अर्ध्या तासात फुकट मिळतात. "आनि हेला लोक रिकामटेकडं म्हणत्यात," आण्णा म्हणाले.

किंमतही आमच्याकडं तीच आहे. कामगाराकडं चार-चार, आठ-आठ माग असतात. तो भांडण बघायला बाहेर आला आणि मागे ताण्याची तार तुटली, तर कापडात जाळी पडत जाते. परत येईतो मीटरभर माल खराब आणि पगारातून कपात. तरी तो येतो. मालकही येतो. दोघं शेजारी उभे राहून बघतात आणि आत माग एकटेच जाळी विणत असतात. मिलग्रमला हे दिसलं असतं तर त्यानं न्यूयॉर्क सोडलं असतं.

बघ्यांच्या बाजूनं एवढं बोलल्यावर एक गोष्ट त्यांच्या विरुद्ध नोंदवायला हवी. हेस्टिंग्जचे बघे तासाभरात घरी जातात. आमच्याकडं भांडण संपून भाऊ एकत्र जेवायला बसले तरी कट्टा उठत नाही. शिवाय तिथला बघ्या नुसता बघतो, सल्ला देत नाही. 'मागनं धर, मागनं!' असं झाडावरून ओरडणारा सुतार कुठल्याही रेडिओयंत्रानं अजून टिपलेला नाही. आणि मोबाइल वर धरून चित्रण करणाऱ्यांना तर मी बघ्यांत मोजायलाच तयार नाही. ते कुणाला ओळखत नाहीत, कुणाचा मेव्हणा आला ते त्यांना कळत नाही, ते नुसते गोळा करतात. भिंतीत फळं टाकत राहिलेल्या त्या सांता रोझाच्या पक्ष्यांची आठवण होते.

बघ्यांना बघायला काही उरलं पाहिजे, म्हणून एक विनंती. सुतार पक्षी बहुधा मेलेलं, भुसभुशीत झालेलं लाकूडच कोरायला निवडतो आणि साधारणपणे दर हंगामाला नवं भोक करतो. जुनं साळुंखी, पोपट, पिंगळा यांच्या कामी येतं. म्हणजे एका वाळक्या खोडावर चार बिऱ्हाडं चालतात, आणि त्यांची भांडणंही. आपल्याकडं माड वाळला की दुसऱ्या दिवशी करवत आणि संध्याकाळी जळण. पत्र्यावर पडेल ही भीती खरी आहे. शेडवर कललेला माड ठेवा असं कुणी सांगणार नाही. पण शेंडा उतरवून खालचं दहा-पंधरा फुटांचं खोड उभं राहू द्यायला काय हरकत आहे? सोनपाठीचा विणीचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते जुलै असतो. तेवढे महिने तरी करवत लांब ठेवा. आणि खाली कुणी मान वर करून उभा दिसला तर जरूर थांबा, मात्र गाडी कडेला घ्या. मागून एसटी येत असते.